हजार माणसांचे एक मत

राष्ट्रपतिपदाची निवडणूक आपल्या शाळांमध्ये शिकवली जाते ती बहुधा पाठांतरासाठी. किमान वय ३५, मुदत ५ वर्षे, निर्वाचन मंडळ, एकल संक्रमणीय मतपद्धती, गुप्त मतदान. एवढे लिहिले की टीप पूर्ण होते आणि गुण मिळतात. पण वर्गात एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी असतेच, आणि तिच्या मनात येणारा प्रश्न पुस्तकात नसतो. आमचे आईबाबा या निवडणुकीत मत देत नाहीत, निवडून येणारी व्यक्ती राज्यकारभार चालवत नाही, मग या निवडणुकीला महत्त्व आहे ते कशामुळे? प्रश्न अगदी रास्त आहे. ‘ते देशाचे प्रथम नागरिक असतात’ हे त्याचे उत्तर होत नाही. तो नुसता मान झाला. ‘सर्वोच्च पद आहे’ हेही उत्तर नाही, कारण मुलांना बातम्यांमधून दिसते की निर्णय दुसरीकडेच होतात. खरे उत्तर द्यायचे तर राज्यशास्त्राचा तास थोडा वेळ नीतिशास्त्राकडे वळवावा लागेल. आपल्या राज्यघटनेत ही एकच निवडणूक अशी आहे, जिच्यात मतदाराच्या हातातले मत त्याच्या एकट्याचे नाही हे आकड्यात मांडून ठेवलेले आहे. दुसऱ्यांच्या वतीने द्यायचे मत कसे द्यावे, हा तिच्यातला प्रश्न आहे. तो शिकवण्याजोगा आहे, इतकेच नव्हे, तो शाळेतच शिकवला गेला पाहिजे असे माझे म्हणणे आहे.

आधी तो आकडा पाहू. आमदाराच्या मताचे मूल्य काढायचे सूत्र मुलांना पाठ असते: राज्याची लोकसंख्या भागिले निवडून आलेल्या आमदारांची संख्या, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा हजाराने भागायचे. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख आणि आमदार २८८, म्हणून एका आमदाराचे मतमूल्य १७५. गोव्यात ते २० आहे, सिक्कीममध्ये ७, उत्तर प्रदेशात २०८. हा फरक पाहून मुलांना प्रथम अन्यायच वाटतो. गोव्याच्या आमदाराने काय पाप केले? पण हजाराने भागण्याचा अर्थ सांगितला की चित्र उलटते. मतमूल्यातला प्रत्येक एक म्हणजे हजार माणसे. गोव्याच्या आमदारामागे वीस हजार माणसे होती आणि महाराष्ट्राच्या आमदारामागे पावणेदोन लाख. समान धरली आहेत ती माणसे, आमदार नव्हेत. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत असे काही नाही. तिथे प्रत्येक खासदाराचे मत सारखे. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र मत देणाऱ्याच्या खांद्यावर किती माणसे आहेत हे घटनेने मोजून दिले आहे. विधान परिषदेच्या आमदारांना आणि संसदेतल्या नामनियुक्त सदस्यांना या निवडणुकीत मत नाही, त्याचेही मर्म इथेच आहे. जो जनतेच्या थेट किंवा तिने निवडलेल्या आमदारांच्या मतांनी आलेला नाही, तो तिची ठेव सांभाळण्याचा दावा करू शकत नाही. परिषदेच्या मतदारसंघांबाबत हा निकष थोडा ताणला जातो हे खरे, पण रोख कळतो.

या सूत्रात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि शिक्षकांनी ती सांगितलीच पाहिजे. भागाकार मतदारांच्या संख्येचा नाही, लोकसंख्येचा आहे. म्हणजे ज्यांना मताचा अधिकार नाही तेही या बेरजेत धरलेले आहेत: अठरा वर्षांखालची सगळी मुले, तुरुंगातले कैदी, मतदारयादीत नाव न लागलेला ऊसतोड मजूर. लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या मतमोजणीत मूल मोजले जात नाही. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत, निदान तत्त्वापुरते, ते मोजले जाते. ‘या निवडणुकीशी आमचा काय संबंध’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला द्यायचे पहिले उत्तर हेच.

तत्त्वापुरते असे म्हणावे लागते, कारण आकडा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेला आहे. कुटुंबनियोजन नेटाने राबवणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे केले आणि चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने त्याची मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. हेतू न्याय्य होता. परिणाम असा झाला की आज वर्गात बसलेले एकही मूल, आणि त्यांच्या आईवडिलांपैकीही बहुतेक, या हिशेबात नाहीत. २०११ च्या लोकसंख्येने पाहिले तर केरळमध्ये मतमूल्याच्या एका एककामागे सुमारे १,५७० माणसे येतात आणि राजस्थानात सुमारे २,६५०. समतेसाठी रचलेले सूत्र दुसऱ्या एका न्यायासाठी थांबवले, आणि थांबवल्यामुळे ते विषम झाले. कोणत्या न्यायाला आधी मान द्यायचा यावर प्रौढांचे एकमत नाही. मुलांना हे लपवून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

आता खरी अडचण. पावणेदोन लाख माणसांचे ओझे खांद्यावर देऊन घटना आमदाराला काय सांगते? काहीच नाही. मतदान गुप्त आहे. पक्षाला व्हिप काढता येत नाही आणि पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट या मतदानाला लागू होत नाही. हाच आमदार राज्यसभेच्या निवडणुकीत मत देतो तेव्हा, २००३ च्या कायदेबदलापासून, त्याला मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही उघड पद्धत वैध ठरवली. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात राज्यसभेच्या मतदानात एका आमदाराचे मत मतपत्रिका दाखवण्याच्या रीतीवरूनच बाद झाले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत त्याच विधानभवनात राष्ट्रपतिपदासाठी मतदान झाले, आणि तिथे मतपत्रिका कोणालाच दाखवायची नव्हती. शेजारीण गावाला जाताना दागिन्यांचा डबा आपल्या कपाटात ठेवायला देते आणि पावती मागत नाही, तसा हा व्यवहार आहे. डबा आपला नाही हे पक्के आहे, पण उघडून पाहणाराही कोणी नाही. अशा वेळी माणूस कसा वागतो यावरून त्याची पारख होते, हे मुलांना घरीच शिकवलेले असते. घटनेने तेच राज्यव्यवस्थेच्या शिखरावर नेऊन ठेवले आहे.

हा पेच जुना आहे. ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क यांनी १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितले की प्रतिनिधी हा तुमचा निरोप्या नसतो; तो आपला विवेक तुमच्यासाठी वापरतो, आणि तुमच्या मतापुढे तो विवेक गहाण टाकला तर तो तुमचाच विश्वासघात ठरेल. सहा वर्षांनंतर ब्रिस्टलने त्यांना पुन्हा पाठवले नाही, हेही सोबत सांगावे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६१ मध्ये याच्या पुढचा प्रश्न विचारला. मत ही जर दुसऱ्यांसाठी सांभाळायची ठेव असेल, तर ती ज्यांची आहे त्यांच्यापासून लपवायची कशासाठी? साध्या मतदारानेसुद्धा उघड मत द्यावे असे मिल यांचे म्हणणे होते, कारण त्याचे मतही त्याची खासगी मालमत्ता नाही. साध्या मतदाराच्या बाबतीत आपण मिल यांचे ऐकले नाही, आणि योग्यच केले; सावकार, पाटील, कारखानदार यांच्या डोळ्यांदेखत दिलेले मत मोकळे राहत नाही. पण आमदार हा साधा मतदार नाही. त्याच्या बाबतीत मिल यांचा प्रश्न अजून धारदार आहे आणि माझ्या मते त्याला पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही.

मराठी मुलांना अंतःकरणाच्या साक्षीची गोष्ट नवी नाही. मनाला साक्षी ठेवून बहुमत झिडकारणारे तुकोबा त्यांना ठाऊक असतात. पण तुकोबांची साक्ष आणि आमदाराची साक्ष यांत फरक करायला शिकवले पाहिजे. तुकोबा स्वतःच्या वतीने बोलत होते. चुकले तर भोगणारे तेच, आणि जाब द्यायचा तो विठ्ठलाला. आमदाराचा कौल चुकला तर भोगतात दुसरे. म्हणून संताला पुरणारी ‘माझे मन मला सांगते’ एवढी सबब विश्वस्ताला पुरत नाही. विश्वस्ताच्या मनाने कारण दिले पाहिजे, आणि ते कारण ज्यांची ठेव आहे त्यांना समजेल अशा भाषेत दिले पाहिजे. या लेखातला माझा मुख्य मुद्दा हाच: मतपत्रिका गुप्त राहू शकते, पण मतामागचे कारण गुप्त राहू शकत नाही.

याची परीक्षा पाहायला १९६९ ची निवडणूक फार उपयोगी आहे. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना अधिकृत उमेदवारी दिली. पंतप्रधान इंदिरा गांधी त्याच पक्षाच्या होत्या, तरी त्यांनी सदस्यांना अंतरात्म्याच्या हाकेप्रमाणे मत द्यायला सांगितले, आणि ती हाक व्ही. व्ही. गिरी यांच्या बाजूने आहे हे सगळ्यांना कळले. तिसरे प्रमुख उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांचा त्यांना पाठिंबा होता. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ लागत होती. कोणीच तिथवर पोचले नाही, तेव्हा दुसऱ्या पसंतीची मोजणी झाली आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे जिंकले. निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि पदावर असलेले राष्ट्रपती स्वतः साक्षीसाठी न्यायालयात हजर राहिले. याचिका फेटाळली गेली. १९६९ च्या अखेरीसच काँग्रेस फुटली होती.

हा प्रसंग विवेकाचा विजय म्हणून शिकवणे भाबडेपणाचे होईल. पक्ष कोणाच्या हाती राहणार याची ती लढाई होती आणि अंतरात्मा हे तिच्यातले हत्यार होते. पण म्हणून विवेक म्हणजे निव्वळ ढोंग, असा धडा देणेही तितकेच चुकीचे. मुलांपुढे त्याच देशमुखांचे दुसरे उदाहरण ठेवावे. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्र सरकारची भूमिका अमान्य म्हणून त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि आपली कारणे लोकसभेत उभे राहून सांगितली. महाराष्ट्राने लक्षात ठेवला तो हा राजीनामा. त्यांची राष्ट्रपतिपदाची उमेदवारी आज फारशी कोणाला आठवतही नाही. दोन्ही प्रसंगांत विवेकाचे नाव घेतले गेले. एकात तो किंमत मोजून, तोंडाने कारण सांगून पुढे आला. दुसऱ्यात तो मतपेटीच्या आडोशाला उभा राहिला आणि कोणाच्या मनात काय होते हे शेवटपर्यंत कोणाला सांगता आले नाही.

इथे महाराष्ट्रातला वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो सर्वांत वजनदार आहे. लोकांनी आमदाराला पक्षाच्या चिन्हावर निवडून दिले. मग पक्षाचे ऐकणे हीच ठेवीशी इमानदारी नाही का? विवेकाच्या नावाखाली इकडून तिकडे गेलेले आमदार आपण गेल्या काही वर्षांत पुरेसे पाहिले आहेत. जून २०२२ मध्ये विधान परिषदेच्या निवडणुकीत गुप्त मतदान होते आणि मते फुटली. त्या रात्रीपासून पुढे शिवसेना कशी दुभंगली हे सांगायला नको. गुप्ततेच्या आड विवेकापेक्षा सौदाच जास्त राहतो, असे कोणी म्हटले तर त्याला खोटे कसे पाडणार? मला वाटते, आक्षेप अर्धा मान्य करावा. पक्षाचे ऐकणे हे चांगले कारण असू शकते. ‘तुम्ही मला या विचारासाठी निवडले, त्या विचाराचा उमेदवार हा आहे’ असे आमदार आपल्या मतदारसंघात सांगू शकत असेल, तर त्याने विश्वस्ताचे काम केले. मात्र ‘वरून आदेश आला’ हे कारण होत नाही, कारण वरून आदेश येऊ नये अशीच इथली रचना आहे. गुप्ततेने आमदाराला पक्षाच्या शिक्षेपासून वाचवले आहे, लोकांच्या प्रश्नापासून नाही. तो खोटे कारण सांगेल का? सांगू शकतो. कायदा ते पकडू शकणार नाही. पण जिथे कायदा पोचतो तिथवरचे काम कायद्याने होतेच. शिक्षणाची गरज लागते ती त्याच्या पलीकडे.

दुसरा आक्षेप नेहमीचा: राष्ट्रपती हा रबरी शिक्का, मग तो कसा निवडला याची एवढी चिकित्सा कशाला? संविधान सभेत के. टी. शहा यांनी राष्ट्रपती प्रौढ मतदानाने थेट निवडावा असा आग्रह धरला होता. नेहरू आणि आंबेडकर यांनी तो मानला नाही. कोट्यवधी लोकांच्या थेट मतांनी आलेल्या माणसाला खरी सत्ता न देणे विसंगत ठरेल, आणि सत्ता दिली तर मंत्रिमंडळाची जबाबदारी मोडेल. आंबेडकरांनी स्पष्ट केले की राष्ट्रपती राज्याचा प्रमुख आहे, शासनाचा नाही. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो, त्यावर राज्य करत नाही. म्हणजे सत्ता थोडी असणे हा अपघात नाही, योजना आहे. पण थोडी म्हणजे शून्य नव्हे. २५ जून १९७५ च्या रात्री फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. पुढे चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा करावा लागला, यावरून त्या सहीचे वजन कळते. ऑक्टोबर १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस फेरविचारासाठी परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. २००६ मध्ये अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदांविषयीचे विधेयक परत केले. संसदेने ते पुन्हा तसेच मंजूर केले आणि कलामांना सही करावी लागली. एकदा सरकार थांबले, एकदा नाही, आणि १९७५ मध्ये फेरविचार मागितलाच गेला नाही. ज्याच्या हाती एवढेच उरते की ‘पुन्हा विचार करा’ म्हणायचे, त्याच्या बाबतीत तो माणूस कोण आहे हा प्रश्न अधिकच मोठा होतो. निवडणारा विश्वस्त आणि निवडला जाणाराही विश्वस्त, अशी ही दुहेरी ठेव आहे.

निकाल आधीच ठरलेला असतो, हा तिसरा आक्षेप लवकर आटोपण्यासारखा आहे. बहुतेक वेळा तो ठरलेला असतो, १९७७ मध्ये तर रेड्डी बिनविरोध आले. पण निकाल माहीत असताना मत कसे दिले जाते हेच इथे पाहायचे असते. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेनेने आपल्या आघाडीचा उमेदवार सोडून मराठी व्यक्ती म्हणून त्यांना मते दिली. २०२२ मध्ये दुभंगलेल्या शिवसेनेच्या दोन्ही बाजूंनी द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा दिला. यशवंत सिन्हा यांच्या ३,८०,१७७ विरुद्ध त्यांना ६,७६,८०३ मूल्याची मते मिळाली, आणि विरोधी पक्षांतली मतेही त्यांत होती हे राज्यवार बेरजांनी उघड केले. उमेदवार आपल्या भाषेचा, आपल्या समाजाचा असणे हे मत देण्याचे पुरेसे कारण आहे का? इथे वर्गात भांडण व्हायला हवे. आदिवासी स्त्री त्या खुर्चीवर बसल्याने जे घडते ते कोणत्याही भाषणाने घडत नाही, असे एक जण म्हणेल. खुर्चीवर कोण बसले यापेक्षा बसल्यावर काय परत पाठवले हे मोजा, असे दुसरा म्हणेल. दोघांचेही कारण हजार माणसांपुढे उघड सांगता येण्याजोगे आहे, म्हणून दोन्ही माझ्या कसोटीला उतरतात.

अशा चर्चेने शाळेत राजकारण शिरेल, ही भीती शिक्षकांना आणि पालकांना खरीच वाटते. पण शिक्षकाने सांभाळायची मर्यादा साधी आहे: कोणाला मत द्यायला हवे होते हे त्याने सांगू नये, मत देणाऱ्याने कशाचा विचार करायला हवा होता हे विचारावे. वर्गात नुसती लुटुपुटूची निवडणूक घेऊन काही साधत नाही. तिथे प्रत्येक जण आपल्या मित्राला मत देतो. त्यापेक्षा नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे पाचवीतल्या दहा मुलांचे मत सोपवावे, गुप्तपणे द्यायला सांगावे, आणि मग त्या दहा मुलांसमोर उभे करावे.

सध्याच्या राष्ट्रपतींची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. त्याआधी शाळांनी आपल्या मतदारसंघाच्या आमदाराला एका तासासाठी वर्गात बोलवावे. मत कोणाला देणार हे मुलांनी त्यांना विचारू नये. ते न सांगण्याचा त्यांना हक्क आहे. मत ठरवताना तुम्ही काय पाहणार, एवढेच विचारावे, आणि उत्तर वहीत लिहून घ्यावे.